मोजा शोधणारी मुलगी

“सर, हीरो वीस वर्षं मागे गेला, तर तिथे त्याच्या मोबाईलला रेंज कुठून आली?”

प्रश्न यज्ञेशचा, पैज ऐश्वर्याची आणि तोंड माझं. आमच्या ग्रुपमध्ये आता हे ठरूनच गेलंय. सातवीपर्यंत मी हजेरीसुद्धा अशी द्यायचे की मिसना दोनदा मान वर करावी लागायची. ही पोरगी एक दिवस भरल्या हॉलमध्ये माइक मागून घेईल असं कुणी म्हणालं असतं, तर सगळ्यात आधी मीच हसले असते. पण आठवीत काय झालं कुणास ठाऊक. केस कापले, वक्तृत्वात पहिली आले, आणि एक दिवस लक्षात आलं की आपण बोललो की लोक वळून बघतात, आणि त्यांनी बघितलं की बरं वाटतं. मग मी थांबलेच नाही. नौपाड्यातल्या आमच्या शाळेचा हॉल, पडदे ओढून केलेला दुपारचा अंधार, ऑक्टोबरचा घाम, शनिवारचा फिल्म क्लब, आणि समोर खरोखरचा पटकथा लिहिणारा माणूस. अद्वय सर डोंबिवलीहून खास आमच्यासाठी आलेले. ‘टाइम ट्रॅव्हलच्या गोष्टी आणि त्यातली भोकं’ असा विषय. त्यांनी फळ्यावर आधी एक सरळ रेघ काढली, मग फांद्या फुटलेली एक, मग एक गोल, आणि म्हणाले, जगातल्या सगळ्या टाइम ट्रॅव्हलच्या गोष्टी या तिघांतच बसतात. मग प्रश्न विचारा म्हणाले, आणि सगळे बुटांकडे बघायला लागले. ऐश्वर्या कानाशी कुजबुजली, “विचार ना रेंजचं. विचारलंस तर तू खरी.” आता असं म्हटल्यावर मी बसून राहणार होते का?

हॉलमध्ये हशा फुटला. सर पण हसले. “रेंज प्रोड्यूसरने दिली गं,” ते म्हणाले. “त्या फोनवर पुढे गाणं वाजायचं होतं ना.”

परत हशा, टाळ्या. यज्ञेशने मागच्या रांगेतून शिट्टी मारली. ऐश्वर्या खालून माझा स्कर्ट ओढत होती, म्हणजे जिंकलीस, आता बस. मी बसायलाच पाहिजे होतं. पण माइक अजून हातात होता, आणि माइक हातात असला की मला एक सवय लागलेली, की अजून एक वाक्य बोलायचं. ते वाक्य कुठून आलं ते मला माहीत नाही. पैजेत ते नव्हतं.

“आणि सर, त्या मुलीचा मोजा सापडला का?”

“कुठली मुलगी?”

“सुरुवातीला दिसते ती. हीरोची मुलगी. शाळेला उशीर झालेला असतो आणि ती एक मोजा शोधत असते, सोफ्याखाली.”

सरांना आठवावं लागलं. सिनेमा त्यांच्याच मित्राने केलेला, तासाभराचा, आणि तो आम्हाला आत्ताच दाखवलेला, तरी त्यांना आठवावं लागलं. हीरो बँकेत असतो. कॉलेजातली त्याची प्रेयसी बसच्या अपघातात गेलेली असते. मग त्याचं दुसऱ्या एका बाईशी लग्न होतं, त्यांना ही मुलगी होते, आणि तो तिला शाळेत सोडून ऑफिसला जातो तेव्हा तिथली बंद पडलेली लिफ्ट त्याला वीस वर्षं मागे घेऊन जाते. तो प्रेयसीला त्या बसमध्ये चढूच देत नाही. लिफ्टने परत वर येतो. घर तेच, सोफा तोच, फक्त पडदे बदललेले, आणि चहाचा कप घेऊन प्रेयसी उभी. शेवट. सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवलेल्या. माझं लक्ष सोफ्याखाली होतं.

“अच्छा, ती,” सर म्हणाले. “ती जन्मालाच आली नाही ना. आईशी लग्नच झालं नाही, तर मुलगी कुठली आणि मोजा कुठला! सरळ रेघेचं लॉजिक. आणि तिचं वाईट वाटून घेऊ नकोस बरं का. तिला काही कळतच नाही. ती कधी नव्हतीच, तर तिला दुःख कसं होईल?”

हॉल हसला. मी पण हसले, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. “थँक यू सर,” म्हणून बसले. पडदे उघडले तेव्हा बाहेरचं ऊन एकदम डोळ्यांत घुसलं, आणि मला क्षणभर असं वाटलं की हॉलमधल्या सगळ्यांना सगळे दिसतायत, फक्त ऊन माझ्या आरपार जाऊन मागच्या खुर्चीवर पडलंय.

नंतर वडापावच्या गाडीवर मी हीरो होते. यज्ञेश सरांची नक्कल करत होता, ऐश्वर्या सगळ्यांना सांगत होती की मोज्याचं तर पैजेत पण नव्हतं, ही येडी स्वतःच बोलली. मी दोन वडे खाल्ले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोलले, अद्वय सरांना एखाद्या वेब सिरीजमध्ये माझ्यासाठी रोल लिहायला सांगणार असं जाहीर केलं. “कसला रोल?” ऐश्वर्याने विचारलं. “सुरुवातीला दिसते ती,” मी म्हटलं, आणि परत सगळे हसले. गंमत अशी की मी जेवढी जास्त हसवते, तेवढा माझा आवाज मला लांबून ऐकू येतो, शेजारच्या इमारतीत कुणाचा तरी टीव्ही चालू असावा तसा. हे कुणाला सांगितलं तर ते म्हणतील, तू? तुला काय झालंय? तू तर फुल ऑन आहेस.

कोलशेतच्या बसमध्ये स्टीव्ह माझ्या बाजूला बसला. स्टीव्ह आमच्याच वाडीतला, आमच्याच चर्चचा, शाळेत मात्र वेगळ्या तुकडीत. तो फार बोलत नाही. बस माजिवड्याच्या सिग्नलला अडकली तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघतच म्हणाला, “तू पहिलीबद्दल विचारत होतीस ना?”

“गप रे. मोज्याबद्दल विचारत होते.”

“बरं,” तो म्हणाला. पण उतरताना त्याने माझी बॅग उचलून खाली दिली, जे तो कधीच करत नाही, आणि मला त्याचा राग आला.

पहिली म्हणजे माझी बहीण. आमच्या घरात तिला पहिलीच म्हणतात, कारण तिच्या नावाने हाक मारली तर ओ मी देते. आमच्यात अशी पद्धत आहे की घरातल्या पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं नाव द्यायचं. पप्पांची आई ज्युलियाना, म्हणून पहिली ज्युलियाना. ती चार वर्षांची असताना पावसाळ्यात तिला ताप आला, आणि तो उतरलाच नाही. त्यानंतर मी झाले. तेव्हा आजी जिवंत होती, ती म्हणाली की नाव खाली पडायला नको, आणि माझा बाप्तिस्मा त्याच नावाने झाला. त्याच झग्यात, त्याच मेणबत्तीच्या उरलेल्या तुकड्यावर. कुणाला यात काही वेगळं वाटलं नाही. वाडीत अशी अजून दोन घरं आहेत. जुन्या लोकांना तर हे छान वाटतं, देवाने घेतलेलं नाव देवाने परत पाठवलं असं. फक्त दर वर्षी दोन नोव्हेंबरला, जेव्हा आम्ही सगळे सिमेट्रीत आपापल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावतो, तेव्हा मी एका फरशीसमोर उभी असते जिच्यावर माझं पूर्ण नाव लिहिलेलं आहे आणि मेल्याची तारीख माझ्या जन्माच्या आधीची आहे. लहानपणी मला हे भारी वाटायचं. शाळेत कुणाला भुताची गोष्ट सांगायची असली तर ते सगळे कुणाच्या तरी मामाच्या मित्राची सांगायचे. माझ्याकडे स्वतःची होती. पण मी ती कधीच सांगितली नाही. ऐश्वर्याला पण नाही.

आमच्याकडे अल्बममध्ये असे फोटो आहेत ज्यात मी आहे की ती आहे ते पप्पांना पण लगेच सांगता येत नाही. तोच फ्रॉक, तसेच केस, तीच नारळाच्या झाडाखालची खुर्ची. मग मम्मी फोटो लांब धरते आणि मागच्या खिडकीतले पडदे बघते. निळे पडदे असले तर पहिली, फुलांचे असले तर मी. आज हॉलमध्ये शेवटी ते बदललेले पडदे दिसले ना, तेव्हाच मी तो मोजा शोधायला लागले. बाकी सगळ्यांना तो दिग्दर्शकाचा हुशारपणा वाटला असेल. मला वाटलं, अरे, हे तर आमचं घर आहे, फक्त उलट्या बाजूने.

आणि अजून एक. चार वर्षांची होईपर्यंत मी फार लाडात वाढले. हे मला आठवत नाही, पण सगळे सांगतात, आणि मला पटतं. मम्मीला माझं सगळं पाठ होतं. आता ही दात दाखवणार, आता भिंतीला धरून उभी राहणार, आता मासे खायला नको म्हणणार. तिने ते सगळं एकदा बघितलेलं होतं. जणू तिला मागच्या वेळी अर्ध्यात बंद पडलेला सिनेमा परत पहिल्यापासून बघायला मिळालेला. मग पाचवा वाढदिवस आला. हा मला आठवतो. केक गुलाबी होता, आणि मम्मीने बाजारातून आकड्याची मेणबत्ती आणलेली, ती चारची होती. मी ओरडले, “पाच! मी पाच!” शेजारची पोरं हसायला लागली. पप्पांनी मेणबत्ती हातात घेतली, खिशात टाकली, परत काढली, आणि मग शेवटी तीच लावली, कारण दुकान बंद झालेलं. मम्मी माझ्याकडे बघत होती. मला तिचं ते बघणं अजून दिसतं. ती रागावली नव्हती, रडत पण नव्हती. एखाद्या पाहुण्याला आपण दार उघडतो, आणि त्याचा चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, तसं ती बघत होती. तिला पुढचं येत नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात आवाज कमी झाला. कुणी मला कधी मारलं नाही, ओरडलं नाही. डबा वेळेवर, युनिफॉर्मला इस्त्री, तापाची गोळी कपाटात कायम. पण मी काही नवीन केलं की मम्मी आधी घाबरते आणि मग बघते. वक्तृत्वाचं बक्षीस घेऊन आले तेव्हा तिने ते दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, “हे कुठून आलं तुझ्यात?” मी म्हटलं, “माझ्यातूनच.” ती “हो ना” म्हणाली आणि कपाटावर ठेवून दिलं, पहिलीच्या फोटोच्या बाजूला, जसं काही ते दोघींचं होतं.

टाइम मशीनचं म्हणाल तर आमच्या घरात एक आहे. लिफ्ट वगैरे काही लागत नाही. ‘तर’ म्हटलं की चालू होतं. त्या दिवशी सकाळीच डॉक्टरकडे नेलं असतं तर. कॉस्मास, म्हणजे पप्पा, त्या दिवशी ओव्हरटाइमला थांबला नसता तर. रिक्षा लगेच मिळाली असती तर. मम्मी तांदूळ निवडताना, बोंबलाला मीठ लावताना, मध्येच हात थांबवून म्हणते, “सकाळीच नेलं असतं तर...” आणि पप्पा असले तर ते म्हणतात, “झालं आता रेजिना,” पण तेही गेलेले असतात तिच्याबरोबर, मागे, त्या पावसाळ्यात. मला ते दिसतं. जेवताना समोर दोन ताटं असतात, दोन माणसं असतात, आणि तिथे कुणी नसतं. मी मग मोठ्याने शाळेतल्या गोष्टी सांगते. मला वाटतं मी बोलायला शिकले ती त्यासाठीच. कुणीतरी इकडे थांबून आवाज करत राहिलं पाहिजे, म्हणजे त्यांना परतीचा रस्ता कळेल.

बसमधून उतरल्यावर मी लगेच घरी गेले नाही. वाडीच्या तोंडाशी जो नवा टॉवर झालाय त्याच्या सावलीत आमच्याकडे चार वाजताच संध्याकाळ होते. तिथे खाडीकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक कठडा आहे, त्यावर बसले. भरती होती, चिखलाचा वास येत होता. सरांच्या तीन रेघा मी मनात काढून बघितल्या. सरळ रेघेत सोपं आहे. ती वाचली तर मी नाही. हे मी उगाच डोकं चालवून म्हणत नाहीये. दुसरीत असताना आम्ही डोंबिवलीला मावशीकडे राहायला गेलेलो. मी सोफ्यावर झोपल्याचं नाटक करत होते आणि मम्मी मावशीला म्हणाली, “आम्ही एकीवरच थांबणार होतो गं. कॉस्मासचं तर पक्कंच होतं.” मावशी म्हणाली, “असू दे. देवाने परत दिली ना.” परत! मी डोळे घट्ट मिटून पडून राहिले. मी परत आलेली नव्हते. मी पहिल्यांदाच आलेले. पण हे सांगायला उठले असते तर झोपले नव्हते हे कळलं असतं, म्हणून नाही उठले.

फांद्यांची रेघ घेतली तर पहिली दुसऱ्या फांदीवर जिवंत आहे, तिकडे आता ती कॉलेजात जात असेल, तिकडे निळे पडदे आहेत. छान आहे. पण मग माझे मम्मी-पप्पा दर वेळी इकडची फांदी सोडून तिकडे जाऊन बसतात आणि मी इकडच्या घरात एकटी, गॅसवर दूध ठेवून. आणि गोल घेतला तर आणखी वाईट. गोलात सगळं ठरलेलंच असतं, जे झालं ते व्हायलाच लागतं. म्हणजे मी यावं म्हणून तिला ताप यायला लागला. हे मी एकदा कन्फेशनमध्ये फादरना सांगायला गेलेले, पण जाळीपलीकडे ते शिंकले आणि मी घाबरून त्याऐवजी भूगोलाच्या पेपरात कॉपी केल्याचं सांगून टाकलं, जी मी केलेलीच नव्हती.

आणि सगळ्यात खरं सांगू? मागे नेणाऱ्या त्या लिफ्टचं बटण माझ्यासमोर असतं तर मी पण दाबलं असतं. चार वर्षांची पोरगी आहे, अंग भाजतंय, डोळे वर गेलेत, आणि हाताशी बटण आहे. कोण नाही दाबणार? म्हणून मला मम्मीचा राग येत नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाची निदान सोबत असते. मी काय केलं असतं, तर मी बटण दाबलं असतं आणि पुढच्या क्षणी कठड्यावर कुणीच बसलेलं नसतं, आणि खाडीला भरती तशीच आली असती. तिला काही कळतच नाही, असं सर म्हणाले. सर, मला रोज कळतं.

समोरच्या टॉवरमध्ये एका बाल्कनीत एक बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी हात हलवला. तिने इकडे-तिकडे बघितलं, मागे वळून बघितलं, आणि आत गेली.

घरी आले तर दारातच, चपलांच्या स्टँडला टेकून, माझं नाव उभं होतं.

पांढरी संगमरवराची फरशी, नवी कोरी, ताटाएवढी. त्यावर कोरलेलं, ज्युलियाना कॉस्मास परेरा. आमच्या सिमेट्रीत जागा कमी म्हणून काही वर्षांनी हाडं काढून भिंतीतल्या छोट्या कप्प्यात ठेवतात आणि कप्प्याच्या तोंडाला अशी फरशी लावतात. पहिलीची फरशी या पावसाळ्यात तडकली, म्हणून पप्पांनी वागळे इस्टेटमध्ये त्यांच्या वर्कशॉपच्या मागे जो दगडाचं काम करतो त्याच्याकडून नवी करून घेतलेली. दोन नोव्हेंबरच्या आधी बसवायची होती. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि शाळेतून आल्यावर बूट काढायला वाकलं की नाकासमोर ते दिसणं वेगळं.

“आलीस बाय?” पप्पा आतून म्हणाले. ते जमिनीवर पेपर पसरून बसलेले, बाजूला काळ्या ऑइलपेंटचा छोटा डबा. “हातपाय धू आणि ये इकडे. अक्षरांत रंग भरायचाय. माझा हात हल्ली थरथरतो, मशीनवर दिवस काढून. तुझं ड्रॉइंग चांगलं आहे ना? दे भरून.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. खरंच काही नव्हतं. चांगलं ड्रॉइंग असलेल्या मुलीला एक बाप काम सांगत होता. मी जोरात हसले असते, ऐश्वर्या असती तर नक्कीच हसले असते. पण हातपाय धुतले, ड्रॉइंगच्या बॉक्समधला सगळ्यात बारीक ब्रश आणला आणि मांडी घालून बसले. बाहेर आलेला रंग पुसायला पप्पांनी एक फडकं दिलं. बघितलं तर माझा जुना शाळेचा मोजा होता, जोडीतला एक हरवलेला. थिनरमध्ये बुडवून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

‘ज’चा गोलावा भरताना जीभ बाहेर येते, माझी सवय आहे. दगड गार होता. रंग खाचेत उतरताना आधी चकाकतो आणि मग आत बसतो. ज्यु. लि. या. आत मम्मी बोंबील तळत होती, तेलाचा आवाज येत होता. आज पहिल्यांदा मी ते नाव एवढ्या जवळून आणि एवढा वेळ बघत होते, आणि भरता भरता मला एक वेगळीच गोष्ट जाणवली. माझं नाव मी हजारदा लिहिलंय. वह्यांवर, बाकावर, वक्तृत्वाच्या सर्टिफिकेटवर कुणी चुकीचं लिहिलं तर खोडून. ती चार वर्षांची होती. तिने हे कधी पूर्ण लिहिलं तरी असेल का? तिच्या नावावर एवढीच एक फरशी होती, आणि तीसुद्धा मी माझीच समजून घाबरत होते.

मम्मी तळलेल्या बोंबलांची बशी घेऊन दारात येऊन उभी राहिली. हात पिठाचे. तिने फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे.

“तिने नुकतंच शिकायला घेतलेलं,” ती म्हणाली. “ज उलटा काढायची. पाटीवर.” आणि मग, मला माहीत होतं की आता येणार, “त्या दिवशी सकाळीच नेलं असतं तर...”

“तर मी कुठे असते, मम्मी?”

मी हे हॉलमधल्या आवाजात नाही म्हटलं. ते सातवीतल्या ‘प्रेझेंट मिस’च्या आवाजात निघालं. पण घर छोटं आहे.

“असं काय बोलतेस?” पप्पा म्हणाले. “तू पण असतीस ना.”

“कशी? तुम्ही एकीवर थांबणार होता.”

“कोण बोललं तुला?”

“डोंबिवलीला ऐकलेलं. मी झोपले नव्हते.”

आत तेल अजून तडतडत होतं. पप्पा उठले, गॅस बंद करून आले, आणि परत बसायच्या ऐवजी उभेच राहिले. मम्मीने बशी टीव्हीवर ठेवली. टीव्हीवर कधी कुणी काही ठेवत नाही आमच्याकडे, तो चपटा आहे, बशी पडलीच. बोंबील जमिनीवर. कुणी उचलले नाहीत. ती माझ्यासमोर खाली बसली, फरशीच्या पलीकडे, आणि पहिल्यांदा, म्हणजे मला आठवतंय त्यातलं पहिल्यांदा, ती पडदे न शोधता माझ्याकडे बघत होती.

“रोज त्यावर येऊन अडते मी,” ती म्हणाली. “सकाळी नेते, वाचते ती, घरी आणते. मग दार वाजतं आणि तू शाळेतून येतेस. मग मला कळत नाही दार उघडायचं की नाही.” तिने पिठाचे हात ओढणीला पुसले. “मला दोघी पाहिजेत गं. तसं येतच नाही करता. येतं का? तू हुशार आहेस, तू सांग.”

मी तिला सरळ रेघ सांगू शकले असते, फांद्या, गोल, सगळं. अद्वय सरांना पण जमलं नाही असं सांगू शकले असते. मोज्याने मी ‘ना’च्या बाहेर आलेला रंग पुसला. नाव काळं, स्वच्छ, पूर्ण झालेलं होतं. चार वर्षांच्या पोरीसाठी जरा मोठंच अक्षर होतं ते, पण तिचं होतं. आणि एकदम मला इतकं साधं दिसलं की ते हॉलमध्ये कुणालाच कसं सुचलं नाही याचं आश्चर्य वाटलं. मागे जायची गरजच नव्हती.

आमच्यात नववी-दहावीच्या सुमाराला कन्फर्मेशन होतं. बिशप येतात, कपाळाला तेल लावतात आणि त्या वेळी आपण स्वतःसाठी एक नाव घ्यायचं असतं, एखाद्या संताचं. बाप्तिस्म्याचंच नाव ठेवलं तरी चालतं, बरेच जण ठेवतात, आणि घरी सगळ्यांनी धरलेलं की मी पण तेच ठेवणार. ऐश्वर्या माझ्यावर जळते त्यावरून, फुकटात नवीन नाव. महिनाभर मी तिच्यासमोर नुसती नावं उडवत होते, हे कसं वाटतं, ते कसं वाटतं. चर्चमधल्या रविवारच्या वर्गाच्या टीचरला नाव कळवायची मुदत आली होती आणि माझं काही ठरत नव्हतं. कारण कुठलंही घेतलं तरी ते मीच मला दिलेलं असणार होतं, आणि तसं तर मी मला बरंच काही देत आलेय.

ब्रश थिनरमध्ये टाकला. उभी राहिले, जसं स्टेजवर राहते तशी, दोन्ही पाय घट्ट.

“दोघी पाहिजेत तर दोन नावं लागतील,” मी म्हटलं. “मी ठरवलंय. ज्युलियाना ही, फरशीवरची. हिचंच राहू दे, हिच्याकडे दुसरं काही नाही. शाळेत, कागदावर काय असेल ते असू दे. पण कन्फर्मेशनला मी दुसरं नाव घेणार, आणि ते फक्त चर्चपुरतं नाही. घरात मला त्याच नावाने हाक मारायची, नाहीतर मी ओ देणार नाही. कुठलं ते मी शोधणार नाही. ते तुम्ही दोघांनी बसून शोधायचं, आपल्या घरात आधी कुणाचंच नसलेलं, मला बघून. आणि जरा लवकर बघा, पप्पा. टीचरला उद्याच सांगायचंय.”